खांद्यातली कळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तांदूळ निवडणं.

अंगणात गोणपाट टाकलेलं. मधे सूप. आमच्याच खाचरातला आंबेमोहोर. हौसा, माझी बायको, खडे वेचत होती. मीही वेचत होतो. माझी नजर कमी झालेली. मी निवडलेल्यातनं तिला तीन खडे सापडले.

"तुमी खडा ठिवताय आन् दाणा टाकताय," ती म्हणाली. "जलमभर ह्येच केलंत."

तेवढ्यात लोणावळ्याच्या बंगल्याचा ड्रायव्हर आला. त्या बंगल्यावर मी उभी हयात माळीकाम केलं. तांदूळ त्यांच्यासाठीच होते. तिथल्या बाईसाहेबांच्या धाकट्या सुनेच्या पोराचं परवा उष्टावण होतं. लेकराच्या तोंडात पहिला भात माझ्या खाचरातला जाणार, म्हणून मला अप्रूप वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

ड्रायव्हर माणूस चांगला. चपलेनं माती उकरत उभा राहिला. म्हणाला, "आबा, मला सांगायला लावलंय म्हणून सांगतो. राग मानू नका. बाईसाहेब म्हणाल्या, तांदूळ तुम्ही एकट्यानंच निवडा. मावशींचा हात लागू देऊ नका. लेकराचा पहिला घास आहे."

हौसाचा हात सुपात होता. तिनं तो उचलला. पदराला पुसला. हातालाच काही लागल्यासारखा. मग मांडीवर ठेवून दिला.

मी काय म्हणालो?

"बरं. सांग त्यांना."

एवढंच. ड्रायव्हर गेला. हे 'बरं' मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो नव्हतो.

पहिलं 'बरं' सांगतो. वस्तीनं धम्म घेतला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तेव्हा आम्ही बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायचो. थोरल्या सुनेला मुलगा झाला. अकरा दिवस त्या लेकराची दुपटी, लंगोट हौसानं धुतले. थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं. तिची बोटं फुटली. बाराव्या दिवशी बारसं. तिनं मोगऱ्याचा एक गजरा केला, माझ्याच हाताखालच्या वेलाचा, कुंडी आत ठेवून ठेवून जगवलेल्या. पाळण्याच्या कडीला बांधायला गेली.

बाईसाहेब सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिला पाळण्याजवळ कोणी येऊ दिलं? वांझेची नजर वाईट. पुसून घ्या तो पाळणा. आणि तू मागे जाऊन बस. जेवणं होईपर्यंत पुढे यायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "बायकोला काही समजावत जा रे."

"बरं, बाईसाहेब."

हौसा पंपाच्या खोलीमागं जाऊन बसली. मला वाटलं, जातीमुळं असेल. जातीचा अपमान मला ओळखीचा. त्याला काय म्हणायचं ते आम्ही नुकतेच शिकलो होतो. पण खिडकीतनं आत बघितलं, तर पाळण्याची दोरी भांडीवालीच्या हातात. भांडीवाली आमच्याच वस्तीची. तिला पाच पोरं. तिला गाणं म्हणायला लावत होते.

म्हणजे जात नव्हे. हा दुसरा विटाळ.

आणि हा बंगल्यातच होता असं नाही. धम्म घेतला तेव्हा आम्ही देव्हाऱ्यातले टाक इंद्रायणीत सोडले. माझ्या आईनं रडत सोडले, पण सोडले. देव बुडवले. वांझ हा शब्द कुणी बुडवला नाही. तो आम्ही घरी परत घेऊन आलो. भातलावणीला पहिली मूठ लेकुरवाळीनंच लावायची. हौसाला बांधावर थांबवायचे. तिच्या हातची मूठ पहिली लागली तर लोंबीत दाणा भरत नाही म्हणे. दहा जणी वाकलेल्या आणि ही एकटी बांधावर उभी, हातात रोपांची पेंडी. पहिली ओळ झाली की हाक मारायचे, "ये गं आता." मग तीच सगळ्यांपेक्षा जास्त लावायची.

त्या बारशाच्या आधी भगतानं तिच्या बेंबीखाली विळा तापवून दोन डाग दिले होते. मी तिचे पाय धरले होते. वैदूच्या मुळ्या झाल्या, उलट्या झाल्या, उपास झाले. बारशाच्या दिवशी पंपाच्या खोलीमागनं ती उठली ती मला म्हणाली, "आता देव बी न्हाई आन् भगत बी नगो. मला दवाखान्यात न्या."

पुण्याच्या एका दवाखान्यात गेलो. बाई डॉक्टर होती. चष्मा, पांढरे केस, आवाज मोठा. तिनं हौसाच्या पोटावरचे डाग बघितले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. मग कागदावर चित्र काढलं. "ही गर्भाची पिशवी. दोन्ही अंगांना या दोन नळ्या. बाईच्या पोटात महिन्याला एक बीज पिकतं आणि नळीतून येतं. पाळी आल्यापासून साधारण बारा ते सोळा, या दिवसांत. तेवढ्यात पुरुषाचं बीज भेटलं तर मूल. नाही भेटलं तर पुढच्या महिन्यात परत."

लग्नाला दहा-अकरा वर्षं झालेली. हे कुणी सांगितलंच नव्हतं. गाईचं माहीत होतं. बाईचं नव्हतं.

"कधी नळी बंद असते. कधी क्षय पिशवीत शिरतो आणि बाईला कळतही नाही. कधी बीजच वेळेवर पिकत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "काहींवर औषध आहे, काहींवर नाही. आधी बघू तर दे. डाग देऊन काय बघणार?"

हौसा घरी आल्यावर एका मडक्यात रोज एक चिंचोका टाकायला लागली. पाळी आली की मडकं रिकामं. बारा चिंचोके झाले की माझ्याकडे बघून लाजायची. लिहिता येत नव्हतं, पण तिचा एक दिवस चुकला नाही.

मग तिची तपासणी झाली. नळीतनं हवा सोडतात. तिनं सांगितलं तसं सांगतो. खाटेवर निजवलं, पोट फुगल्यासारखं झालं, जीव नकोसा झाला. उठून बसल्यावर उजव्या खांद्यात अशी कळ आली की ती ओरडली. आणि डॉक्टरीण हसली. म्हणाली, "अगं, खांदा दुखतोय ना? मग पेढे वाट. हवा पोटात उतरली, म्हणून दुखतोय. नळ्या मोकळ्या आहेत तुझ्या."

त्या दिवशी गाडीत ती खांदा धरून बसली होती आणि हसत होती. मधेच म्हणायची, "अजून दुकतंय बगा!" दुखण्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्या माणसाला झालेला बघितला नाही.

मग डॉक्टरीण म्हणाली, "आता मालकांची तपासणी."

मी सहा महिने टाळलं. गडीमाणसाची कसली तपासणी? शेवटी हौसानं बोलणं टाकलं, तेव्हा गेलो. काचेची बाटली दिली. ते काय सांगायचं. आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईनं मला एकट्याला आत बोलावलं. कागद पुढं ठेवला. म्हणाली, "लहानपणी गालगुंड झाले होते का?"

लहानपणी नव्हे. सतराव्या वर्षी. गाल सुजले, मग खालीही सूज आली. पंधरा दिवस चालता येत नव्हतं.

"त्यात तुमचं बीज मेलं. बायकोत काही दोष नाही. तुमच्यावर आज माझ्याकडे औषध नाही. तिला नीट सांगा. मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा."

मी बाहेर आलो. हौसा बाकावर बसली होती. उठून उभी राहिली. मी म्हणालो, "दोगं बी चांगली हाईत म्हनली. वाट बगा म्हनली."

कागद कोटाच्या खिशात. घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीत, तळाला.

वीस वर्षं तो तिथं राहिला. वीस वर्षं हौसा बांधावर थांबली. बारसं असलं की आपणहून गोठ्यात जायची. आणि वस्तीत माझं काय नाव झालं माहीत आहे? लोक म्हणायचे, "काय देवमाणूस! वांझ बायको, तरी दुसरी केली न्हाई." माझी आई दुसरी कर म्हणून मागं लागली. मी नको म्हणालो, तर आणखी थोर ठरलो. दुसरी केली असती तर दोन वर्षांत माझं पितळ उघडं पडलं असतं. ते मला ठाऊक होतं. पण ती थोरवी मी खाल्ली. पोटभर खाल्ली.

तर ड्रायव्हर गेला त्या संध्याकाळकडं परत येतो.

मी एकटाच खडे वेचायला लागलो. परत दाणा टाकला, खडा ठेवला. हौसानं थोडा वेळ बघितलं. मग सूप आपल्याकडं ओढलं.

"द्या हिकडं. तुमच्यानं न्हाई व्हायाचं."

"अगं, पन त्येनी सांगितलंय..."

"सांगू द्या." ती वेचत राहिली. मान वर न करता म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय?"

"खांदा दुकला तवाच मला कळलंतं माजं. मग ऱ्हायलं कोन? तुमी त्या खोलीतनं भाईर आलात, तवा तुमच्या तोंडावर लिवलंतं. मला वाचाया येत न्हाई, पर तेवडं येतं."

माझ्या बोटात एक दाणा होता. तो तसाच राहिला.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या आईला कळतं तर तुमी जगला असता व्हय? लोकाम्होरं सांगा असं मी कवाच म्हनलं न्हाई. म्हनलं, मला तरी सांगतील. एकडाव. माज्या एकटीला." मग सूप पाखडून म्हणाली, "वाट बगा म्हनली व्हती ना डॉक्टरीन. बगितली."

मी तेव्हाही बोललो नाही. तिनं सगळे तांदूळ निवडले, एकेक दाणा, आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधले. मला वाटलं, उद्या बोलू. उद्या नीट बसून बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाण्याची कळशी ठेवून उंबऱ्यावर बसली. डावा खांदा दाबत म्हणाली, "कळ आलीया बगा खांद्यात. त्या येळी उजवा व्हता, आता डावा." आणि हसली. "आता ह्या वयात कुटली नळी उगडली?"

मीही हसलो.

हे मी लिहून ठेवतोय, कारण ते माझं मला सुटत नाही. मी हसलो. तेल तापवायला आत गेलो. वाटी घेऊन बाहेर आलो, तर ती भिंतीला टेकलेली. डोळे उघडे. हसूही अजून पुरतं गेलं नव्हतं.

संध्याकाळी इंद्रायणीच्या काठाला तिची माती झाली. वाटेनं कुणीतरी मागं बोललं, "पोटी कोन न्हाई, अग्नी बी नवऱ्यानंच द्यायचा." अग्नी मीच दिला. तिथंही मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी अंगणात बसायला आली. माझा चुलतभाऊ, त्याची बायको पारू, त्यांचा लेक, सून. सुनेच्या लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. पोरीनं चहा आणला होता. मला पाणी द्यावं म्हणून ती हौसाची कळशी उचलायला वाकली. पारू सगळ्यांदेखत कडाडली, "तिला हात लावू नगंस! एक वांझ गेली, तिची गादी चालवायचीया का तुला? येत्या आवसंला भगताकडंच नेते तुला."

पोरीनं हात मागं घेतला. पदराला पुसला.

तसाच. अगदी तसाच.

मी उठलो. आत गेलो. पेटी उपडी केली. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता. तो घेऊन अंगणात आलो.

"पारू, वांझ हौसा नव्हती," मी म्हणालो. "मी व्हतो."

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, बस. दुक्कात मानूस काय बी बोलतो."

"दुक्कात न्हाई. वीस वर्सं ह्यो कागुद माज्या पेटीत हाय. डॉक्टरीनीनं सांगितलंतं, हौसात काय बी दोस न्हाई. मी खोटं बोललो. तुमी तिला बांधावर हुबी केलीत आन् मी बगत बसलो. डाग तिला दिला, तो मला द्याया पायजे व्हता."

कुणी माझ्याकडं बघेना. पुरुष तर अजिबात नाही. मी पारूच्या लेकासमोर जाऊन उभा राहिलो. "तुजी तपासनी झाली का?" त्यानं मान खाली घातली. "मग आदी तू चलायचं. सोमवारी. माज्यासंगं. दोस निगो न निगो, म्होरनं तू चलायचं. आन् पोरी, तुज्या पोटाला कुनी इळा लावाया आलं, तर मला हाक मार. पाय धराया न्हाई, हात तोडाया येतो."

"चळलाय," पारू म्हणाली.

म्हणू दे. हौसाला वीस वर्षं काय काय म्हणाले.

मी कळशीतलं पाणी त्या पोरीच्या हातानं प्यालो. मग हौसानं बांधून ठेवलेलं फडकं उचललं आणि कामशेतची वाट धरली. मागनं हाका मारत होते, सुतकात कुठं निघालास म्हणून. मी थांबलो नाही. स्टेशनावर गाडी मिळाली.

लोणावळ्याच्या त्या बंगल्याला दोन दारं आहेत. मागचं दार मला पाठ. झाडांची माती, खताच्या पाट्या, हौसाचे धुण्याचे पिळे, सगळं त्याच दारानं आत गेलं. पुढच्या दाराला मोठी पितळी कडी आहे. आत उष्टावणाची गडबड ऐकू येत होती.

एका हातात तांदूळ होते, दाण्यादाण्याला तिचा हात लागलेले. कागद खिशात.

मी पुढच्या दाराची कडी वाजवली.