आमच्या गल्लीतली ठाणेदारीण

शेजारणीच्या सात वर्षांच्या नातीला मी स्वतः वेणी घालून, रिबीन बांधून, तोंडाला पावडर फासून कापणाऱ्यांच्या हवाली केलं होतं. वर "मोठ्या दादीला त्रास देऊ नको हं" असं बजावलंही. एवढा उजेड पाडला तेव्हा मी चांगली पन्नाशीची होते.

ही शेजारीण म्हणजे रायपूरच्या बुढापारा भागातली आमची ठाणेदारीण. नाव मीच ठेवलेलं. मूळची नागपूरची, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायची. घरी बसून ब्लाउजांना काज-बटणं करायची, पण नजर गल्लीवर. कुठलीही पोट्टी कुणाचं बोट धरून निघाली की हिची सुई थांबलीच. "कुठं चालली? कोन नेऊन राह्यलं? आईले सांगितलं का?" हळदीकुंकवाला मी तिची हुबेहूब नक्कल करायची. बाया पोट धरून हसायच्या.

एकदा तिनं मला कारण सांगितलं. त्यांच्या समाजातल्या काही घरांत मुलगी सात वर्षांची झाली की तिच्या लघवीच्या जागेची कातडी गुपचूप कापतात. का, तर पोर वळणात राहावी. मी शहाणी म्हणाले, आम्ही नाही का कान टोचत? ती म्हणाली, "कान टोचले का तुम्ही पेढे वाटता. हे चांगलं असतं तर आइस्क्रीमचं खोटं सांगून काहून नेलं असतं?" पुढं ती स्वतःचं काही सांगू लागली, तशी मी चहा टाकायला उठले. नको ते ऐकू आलं की चहा टाकायचा, ही आमच्या घरची जुनी रीत.

त्या दिवशी ती पेन्शनच्या कागदांसाठी नव्या रायपूरला गेली, सून नोकरीवर. नात मुन्नी माझ्याकडे. कोणाच्याही हाती देऊ नको, असं दोनदा सांगून गेली. दुपारी तिची मोठी जाऊ मोटारीतून आली. निवृत्त मुख्याध्यापिका, इस्त्रीची ओढणी, गोड बोलणं. म्हणाली, पोरीला आइस्क्रीम खायला नेते. आइस्क्रीम! तरी माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. एवढी शिकलेली बाई असलं कशाला करील?

ठाणेदारणीचा फोन आला, तेव्हा मी हे कौतुकानं सांगितलं. ती बसमधूनच ओरडली, "पुरानी बस्तीतलं तिचं घर तुले मालूम हाय. गाडी काढ."

स्कूटी कशी हाकली ते देवाला ठाऊक. दार बंद, आत कुजबुज. माझ्या ज्या आवाजापायी सासूबाई जन्मभर कपाळाला हात लावायच्या, तो मी त्या गल्लीत मोकळा सोडला. पोरीचं काय कापून राहिल्या, ते जरा बाहेर येऊन सांगा, म्हटलं. समोरच्या खिडक्या उघडल्या आणि मग हे दारही. मुन्नी बाहेर आली, हातात वितळलेला कोन. अंगाला कुणी हात लावला नव्हता. रिबीनसुद्धा जागच्या जागी.

ठाणेदारीण जाऊन तीन वर्षं झाली. मुन्नी कॉलेजात आहे. आता गल्लीतल्या पोरींना मी अडवते, आणि माझी नात हसते, "आजी, आप तो पूरी थानेदार हो." हसू दे.

त्या संध्याकाळी मात्र मी शाबासकीची वाट पाहत होते. झालं ते झालं, पण आणली ना परत, असं म्हणालेसुद्धा. ठाणेदारीण मुन्नीला मांडीवर घेऊन रिबीन सोडत होती. वेणी पुरती उकलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मलेबी शेजारच्या बाईनंच वेणी घालून देल्ली होती. पन तिले काही मालूम नव्हतं."