साडभाऊंची रविवारची शर्यत

आर्वीत एका जागी सगळ्यांत कमी वेळ बसणारा माणूस कोण, अशी स्पर्धा लावली तर पहिलं बक्षीस आमच्या साडभाऊंनाच मिळेल. फक्त ते द्यायला जाल तेव्हा ते जागेवर सापडायचे नाहीत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान, कापूस-सोयाबीनचे व्यापारी. उकळी फुटायच्या आत ते चहा गाळून पितात आणि मग "आज चहात दम नाई" म्हणून ताईंवर चिडतात. वर्ध्याहून एसटीत बसले की आर्वी बरीच लांब असतानाच उठून दारापाशी उभे राहतात. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "काका, गाडी तुमीच चालवता का?" "चालवली असती तं आतापर्यंत घरी पोचलो असतो," साडभाऊ म्हणाले. पोटच्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा त्यांचा एक धड फोटो नाही. कुठे नुसता खांदा, कुठे मांडवातून बाहेर पडणारी पाठ.

ती मुलगी अमेरिकेत गेली. मोबाइलवर इंटरनेट यायला अजून अवकाश होता त्या काळात एका सुट्टीत ती आपल्या मुलीला घेऊन आली. या नातीने आजोबांना हातातल्या छोट्या यंत्रावर मोटारींची शर्यत खेळायला शिकवलं आणि जाताना ते जुनं यंत्र त्यांनाच देऊन टाकलं. "आबा, मला नवीन मिळणार आहे. रविवारी सकाळी इंटरनेटवरून आपण दोघं खेळू," असं ठरवून ती गेली. साडभाऊंनी लगेच घरात वायरलेस मोडेम बसवून घेतला. कॉम्प्युटरवर इंटरनेट धो-धो येई, यंत्रावर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसत, पण जोडायला गेलं की 'जोडणी होऊ शकली नाही' एवढंच उत्तर.

मग त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मोडेम आधी कपाटावर गेला, तिथून देवघराच्या फळीवर, तिथून माळ्यावर. स्टीलच्या डब्यांनी लहरी अडतात असं कुणी सांगितलं, म्हणून ताईंची सगळी मांडणी अंगणात आली. फ्रिज बंद झाला, मिक्सरवर बंदी आली. स्वतः साडभाऊ यंत्र कपाळावर धरून गच्चीभर फिरत. त्यांना पाहून शेजारच्या बाईंनी ताईंना हळूच विचारलं, "तब्येत बरी हाय ना त्याईची?"

शेवटी मला फोन आला. वर्ध्याजवळ सावंगीला मी एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, म्हणजे मला सगळंच येतं अशी त्यांची समजूत.

"लवकर येजो. पोरगी तिकडे बसून राह्यते न् मी इकडे बोंबलत राह्यतो. काल फोनवर म्हणे, आबा, तुम्ही येतच नाही." एवढं बोलून ते थांबले. साडभाऊ बोलताना मध्येच थांबलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

रविवारी पहिल्या एसटीने मी आर्वी गाठली. दोष लवकरच सापडला. यंत्र जुनं, त्याला फक्त जुन्या पद्धतीचं कुलूप उघडता येत होतं आणि मोडेमवर होतं नव्या पद्धतीचं. पासवर्ड कितीही बरोबर टाकला तरी दार उघडणार नव्हतं. मी कॉम्प्युटरवरून मोडेमला जुनं कुलूप लावलं आणि नवा पासवर्ड यंत्रात टाकला. यंत्र 'तपासत आहे' म्हणालं. ते तपासत आहे तोवर साडभाऊंनी बटण दाबून बंद केलं.

"काऊन बंद केलं?" मी विचारलं.

"काई होऊनच नाई राह्यलं!"

दुसऱ्यांदा तपासणी चालू असताना त्यांनी मोडेमचीच वायर उपटली. "जरा थंडा होऊ देतो त्याले." म्हणजे बिघाड कुलपात अर्धाच होता, उरलेला अर्धा साडभाऊंत. तेवढ्यात ताई ओल्या तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन आल्या, ती त्यांच्या मांडीवर आदळली आणि म्हणाल्या, "सोला. सोलेभात करायचा हाय. भाऊजी म्हणत नाई तोवर हात वर करू नका."

दोन्ही हात शेंगांत गुंतलेले, नजर यंत्रावर, गुडघा मात्र शिलाई मशिनसारखा हलतोय, अशा अवस्थेत साडभाऊ बसले. यंत्र रेंगाळत राहिलं. आणि मग पडद्यावर आलं: जोडणी यशस्वी. टोपली उलटली, तुरीचे हिरवे दाणे घरभर झाले.

पलीकडे नात वाट पाहतच होती. तिची लाल गाडी, यांची निळी. शर्यत सुटली आणि लाल गाडी भुर्रकन निघून गेली. साडभाऊ थोडं अंतर गेले आणि त्यांनी आपली गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली.

"अहो, न्या ना पुढे!" मी ओरडलो.

"थांब. गोल रस्ता हाय. थे आता फिरून येईन."

लाल गाडी खरंच वळणावरून आली आणि निळीच्या अंगावरून वारं उडवत गेली. "पाह्यली?" साडभाऊ पुटपुटले. पुन्हा आली, पुन्हा गेली. ताईही दाणे वेचायचं सोडून मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी साडभाऊ सगळ्या शर्यती हरले.

असे पुष्कळ रविवार गेले. मग नात मोठी झाली, तिचे क्लास सुरू झाले, मैत्रिणी आल्या. रविवारचं जमेनासं झालं, आणि त्यात कुणाची काही चूकही नव्हती. एका हिवाळ्यात मी आर्वीला गेलो तर साडभाऊ ओसरीत एकटेच यंत्र घेऊन बसलेले, पडद्यावर निळी गाडी रस्त्याच्या कडेला उभी.

"कोण जिंकलं?" मी सहज विचारलं.

"कोनीच नाई," ते म्हणाले. "रस्ता रिकामा होता."