सरांना वर्ध्याला यायचंय

केस निकाली निघाली की फाइल कपाटात जाते. किस्से मात्र कपाटात बसत नाहीत. दुपारच्या चहाला कोर्टाच्या बार रूममध्ये चार वकील जमले की ते आपोआप बाहेर पडतात, आणि त्यातले निम्मे तर मेश्राम सरांचेच! सर म्हणजे माझे सीनियर. हाउसिंग सोसायट्यांची भांडणं आणि ट्रेडमार्क, ही दोन्ही कामं ते हौसेनं करायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, वारल्या तसा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तेव्हापासून वर्ध्याचं ऑफिस मी एकटी चालवते, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

* * *

सरांचा एक नियम होता. सोसायटीचं भांडण घेऊन कोणी आलं की दुसऱ्या बाजूलाही बोलवायचं, आणि दोघांनी आधी समोरच्या टपरीवर सोबत चहा पिऊन यायचं. एकदा एक अध्यक्ष आणि सेक्रेटरी गच्चीच्या कुलपावरून भांडत आले. चहाला गेले ते परत येईनात. सरांनी मला बघायला पाठवलं. दोघं मिळून टपरीवाल्याशी वाद घालत होते, चहा पांचट आहे म्हणून.

मी येऊन सांगितलं. सर म्हणाले, "झालं. आता याईची सोसायटी चालते."

* * *

एका अपार्टमेंटमध्ये एक रिटायर्ड मास्तर राहतात. त्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही, पण पार्किंगची आपली जागा रोज झाडायचे. परदेशातला मुलगा आला, गाडी घेतली, तर लागेल म्हणून. शेजाऱ्यानं तिथं आपली गाडी लावली आणि प्रकरण आमच्याकडे आलं. सरांनी तोड काढली. शेजाऱ्यानं गाडी लावावी, मुलगा येईल त्या दिवशी काढावी.

मास्तर म्हणाले, "अन् तो न सांगता आला तं?"

तेव्हापासून दर दिवाळीला शेजारी आपणहून गाडी रस्त्यावर काढून ठेवतो. मुलगा अजून आलेला नाही.

* * *

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात दोन भावांचे दोन ढाबे. दोन्ही बोर्डांवर वडिलांचा फोटो, आणि तो फोटो लावायचा हक्क कोणाचा यावरून ट्रेडमार्कचं भांडण. दोघांनीही कायदा अगदी मोबाइलवर वाचून पाठ करून आणला होता! सरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, वडील आहेत का? होते, गावी. सरांनी त्यांनाच बोलावून घेतलं आणि कोणाचं जेवण चांगलं ते विचारलं.

म्हातारा टोपी चोळत म्हणाला, "मले का मालूम? दोघाईनंही कधी जेवाले बोलावलं नाई."

* * *

सर पुण्याला गेल्यावर मी त्यांना फोनवर विचारलं, तिथली सोसायटी कशी आहे? म्हणाले, "इथं भांडणंच होत नाई. कोणी कोणाले ओळखत नाई, तं भांडतीन कोणाशी?"

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र कामात लक्ष लागेना. सरांची फार आठवण आली.

* * *

परवा त्यांचाच फोन आला. वर्ध्याला यायचंय, पण मुलगा सोडत नाही. तिथं आता तुमचं काम काय, म्हणतो. तेव्हा मला एखाद्या केसमध्ये साक्षीदार कर, सर म्हणाले. मी म्हटलं, खोटा साक्षीदार उभा करायचा नाही हे तुम्हीच शिकवलंत. मला वाटलं, सर दुखावले.

पण ते एकदम म्हणाले, "ऑफिसच्या पाटीवर अजून माहंच नाव आहे ना?"

"आहे, सर."

"म्हंजे तू माह्या नावावर प्रॅक्टिस करून राह्यली. मी दावा टाकतो तुह्यावर, वर्ध्याच्या कोर्टात. तारखेले तं यावंच लागते. पोरगा कोर्टाले नाई म्हणत नाई."

मी म्हटलं, "सर, पाटी उद्याच उतरवते. तुम्ही असेच या."

"उतरवू नको," सर घाईघाईनं म्हणाले. "पाटीच नसली तं मी दावा कशावर टाकू?"