आत्याबाईंना घेऊन टिटवाळ्याहून ठाण्याला

ठाण्याला जायचं ठरलं ते डॉक्टरांच्या एका वाक्यावर. "एक डोळा गेलाच आहे. दुसऱ्याला आणखी थांबलात, तर माझ्या हातात काही राहणार नाही." सोमवारी दुपारी दोनच्या आत इस्पितळात यायला सांगितलं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला तयार होत्या. गाडीच्या पायरीला मात्र तयार नव्हत्या. मागच्या वर्षी याच पायरीवरून घसरून त्यांचा खुबा दुखावला. आमच्या स्टेशनाचा फलाट बुटका, पायरी मांडीइतकी उंच, आणि गाडी थांबली म्हणेपर्यंत शिट्टी होते. "त्यापेक्षा आंधळी बरी," एवढंच त्या म्हणायच्या.

हे जाऊन चार वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच. माझ्या हातात बांगड्या राहिल्या नाहीत, त्यामुळे मी कुठे वावरते ते आत्याबाईंना कळेना. "बोलत राहा गं. घरात कुणीच नाही असं वाटतं." म्हणून काम करताना मी मोठ्यानं पोथ्या म्हणू लागले. त्या संपल्या तेव्हा यांच्या ट्रंकेतून इंग्रजीचं पहिलं पुस्तक काढलं. पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, गार्ड लोक इंग्रजीच बोलतात. मग त्यांच्याकडून प्रवासाचे शब्द लिहून घेतले. प्लीज. काइंडली. वेट. हेल्प. स्टेप. स्लोली. भाकरी थापताना 'प्लीज वेट', केर काढताना 'काइंडली हेल्प'. "लागली हिची विलायती पोथी," आत्याबाई कुरकुरायच्या.

मला त्या शब्दांचं फार नवल वाटे. आपण 'जरा' म्हणतो, आवाज मऊ करतो, झालं. नुसत्या विनवणीसाठी कुणी एक वेगळा शब्द घडवून ठेवलाय, हेच किती मोठं!

सोमवारी शेजारच्या गणपतभाऊजींनी बैलगाडीतून स्टेशनावर नेलं. म्हाताऱ्या माणसाला न्यायचं असेल तर सकाळची कचेरीची गाडी सोडून द्यावी, त्यानंतरची धरावी. बायकांच्या डब्यात बसायला बाकं मोकळी मिळतात. पाणी आणि दशम्या घरूनच घ्याव्यात.

"वहिनी, आज गार्डाशी मडमेसारखं बोलायचंय म्हणे," भाऊजी हसत होते. "आम्हालाही ऐकू द्या."

गाडी आली. शेवटच्या डब्यातून गार्ड उतरला. पांढरा कोट, टोपी, हातात हिरवा बावटा. मी पदर डोक्यावर ओढला, दोन पावलं पुढे गेले आणि तिथेच थिजले. सगळे शब्द पाठ होते. पण थोरल्या दिरांशीसुद्धा मी कधी समोरून बोललेली नाही. परक्या पुरुषाला थांबवायचं कसं? गार्डानं शिट्टी ओठांशी नेली.

"प्लीज वेट!" माझ्या पाठीमागून आवाज आला. "काइंडली हेल्प! स्टेप! स्लोली, स्लोली!"

आत्याबाई! काठीवर रेलून, मान ताठ करून, फलाटावरच्या दिव्याच्या खांबाकडे तोंड करून त्या बोलत होत्या.

गार्डानं शिट्टी खाली केली. तो चालत आला आणि मुकाट्यानं त्या खांबापुढे जाऊन उभा राहिला, आत्याबाईंचं तोंड होतं बरोबर तिथे. मग मराठीत म्हणाला, "आजी, थांबलीय गाडी. मी बावटा दाखवल्याशिवाय ती हलायची नाही."

"अगं बाई, मराठी येतंय की मेल्याला!"

"सावंतवाडीचा आहे, आजी."

त्यानं आपल्या डब्यातून एक लाकडी खोकं आणून पायरीखाली ठेवलं. "उजवा पाय. आता डावा. घाई नाही." अख्खी गाडी, एवढं लोखंड, एवढी माणसं, एका म्हातारीच्या डाव्या पायासाठी थांबली होती. भाऊजींचं हसू कुठल्या कुठे गेलं.

कल्याण गेलं, डोंबिवलीची भातखाचरं गेली. मुंब्र्याजवळ बोगदा लागला. "आत्याबाई, आता अंधार आहे," मी म्हटलं.

"मला सांगतेस?" त्या म्हणाल्या, आणि दोघी खूप हसलो.

खाडीकाठी मिठाचे ढीग उन्हात पांढरेशुभ्र दिसत होते. ठाण्याला गार्ड खोकं घेऊन पुन्हा हजर. स्टेशनापासून इस्पितळापर्यंत टांगा आठ आणे. दारात चाकांची खुर्ची! आत्याबाईंना तीत बसवून असं नेलं की पाय जमिनीला लागलेच नाहीत. भिंतीवर पाटी होती, 'सायलेन्स प्लीज'. इथे भिंतीसुद्धा विनवतात, असं वाटलं.

शस्त्रक्रियेनंतर डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पडून राहावं लागतं. सोबतीच्या माणसानं चटई आणि तांब्या न्यावा. पट्टी सुटली तेव्हा सगळं धूसरच होतं. जाड भिंगांचा चष्मा महिन्यानं तयार झाला, तो आणायला मी पुन्हा एकदा ठाण्याला जाऊन आले.

बायका विचारतात, ठाण्याला पाहण्यासारखं काय आहे? तलाव आहे, देऊळ आहे. पण माझ्या मनात राहिला तो खांबापुढे जाऊन उभा राहिलेला माणूस. असा शिष्टाचार कुठल्या पुस्तकात लिहिलेला असेल असं वाटत नाही.

चष्मा आत्याबाईंनी घरी येऊन, ओसरीवर बसून लावला. आधी स्वतःचे हात पाहिले. मग माझ्याकडे वळल्या. हे गेले तेव्हा त्यांना माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत. माझं मोकळं कपाळ त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी घाईनं पदर पुढे ओढला.

"मागे घे," त्या म्हणाल्या. "तो गेला हे मी आजवर नुसतं ऐकलंच होतं."

मी पदर मागे घेतला आणि त्यांच्यासमोर बसले.