पंखे बंद केल्यावर

तैवानमधल्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तिथे ऐकण्याची परीक्षा सुरू होण्याआधी वर्गातले पंखे बंद करतात. घामाघूम झालेली अकरावीची मुलं मग श्वाससुद्धा जपून घेतात. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये एक बाई फोनवर मुलाला म्हणत होती, "बरं, नको येऊस." प्रश्न होता, तिला काय वाटतंय? छापील उत्तर होतं, राग. यी-तिंग नावाच्या मुलीने मात्र 'थकवा'वर खूण केली होती.

हाच संवाद मागच्या महिन्यात मुलांना वाचायला दिला होता. तेव्हा हिनेच 'राग' लिहून पूर्ण गुण मिळवले होते.

"अगं, मग आता काय झालं?" मी विचारलं.

"लाओशी," ती म्हणाली. इथे शिक्षकांना अशीच हाक मारतात. "कागदावर ती रागावलेली होती. आवाजात नव्हती."

स्टाफरूममध्ये बसून मी तो तुकडा तीनदा ऐकला. आधी राग वाटला, मग थकवा, मग काहीच कळेना. यी-तिंगला समजलं नाही, की उत्तर ठरवणाऱ्याला? आणि मी इतकी वर्षं तपासतेय तरी काय? तिचा एक गुण मी कापला, परत दिला, पुन्हा खोडला.

आई रोज सकाळी सांगलीहून मेसेज पाठवते, "मी बरी आहे. काळजी करू नकोस." मी वाचते आणि बरोबरची खूण करावी तसा अंगठा पाठवून देते. तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला, ते काही केल्या आठवेना.

मी उठले, डोक्यावरचा पंखा बंद केला आणि तिला फोन लावला.