चैत्रातलं आभाळ

कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवावा लागतो. चौथ्या दिवशी चीक शिजवून उन्हात घालायचा. आमच्या वऱ्हाडात चैत्राचं ऊन इतकं खात्रीचं, की गहू भिजवताना कुणी आभाळाकडे बघत नसे. मीही बघितलं नाही. आज चीक शिजत आला आणि पश्चिमेला काळं दिसलं.

शेजारच्या मंदाताई सोऱ्या घेऊन आल्या होत्या. "वहिनी, थांबायचं काय?"

"चीक थांबतो का? दुपारपर्यंत आंबेल. वर्षभराच्या कुरड्या आहेत."

"मग घाला. भिजल्या तर साखर टाकून खाऊ."

दोघी भराभर गच्चीवर कुरड्या घालू लागलो. पावसाचं एवढं नाही. पावसाळ्यात तो आला तर मी दोरीवरचे कपडे उचलते आणि कामाला लागते. पण ज्या महिन्यावर विसंबून आपण गहू भिजवतो, लग्नाचे मांडव घालतो, अंगणात अंथरुणं टाकतो, तो महिनाच ओळखेनासा झाला तर पुढचं ठरवायचं कशावर?

निम्मी चादर भरली होती. माझ्या मनगटावर एक थेंब पडला.

मंदाताईंनी वर न बघताच म्हटलं, "घाम असन."

"हो," मी म्हटलं आणि पुढची कुरडई घातली.