सिरिंजमधला चीक

लेकीचं बाळंतपण करायला मी न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला आले आणि चौथ्याच दिवशी, दोन महिने आधी, बाळ झालं. नात काचेच्या पेटीत. नाकातून नळी, अंगावर वायरी, आणि मूठभर जीव.

मी सातवीत शाळा सोडलेली. इंग्रजीतलं 'थँक्यू' आणि इथलं नमस्काराचं 'किया ओरा', एवढंच येत होतं. लेक-जावई डॉक्टरांशी बोलायचे, मी त्यांची तोंडं बघायची. मग माझ्याकडे उरली आवराआवर. दिसेल ते पुसायचं, घडी घालायची, धुवायचं. "आई, बस ना गं जरा," लेक वैतागायची. पण बसलं की मन नको तिकडे जायचं.

दुसऱ्या दिवशी ती बाथरूमला गेली. ट्रेमध्ये पेन्सिलीएवढी, बिनसुईची सिरिंज पडली होती. तळाशी पिवळं, चिकट काहीतरी. मला वाटलं, औषध देऊन झालंय. झाकण काढलं, नळाखाली धरली आणि चांगली दोनदा धुतली.

"आई, इथली सिरिंज कुठंय?"

"धुतली की. पिवळं चिकटलं होतं तिला."

ती पलंगावर बसलीच. "चीक होता तो माझा! तासभर हातानं पिळत होते."

"एवढासा?" तोंडून निघून गेलं.

"हो, एवढासाच! तिला एवढासाच लागतो!"

इतका संताप आला मला स्वतःचा! सगळं धुवायची कसली मेली ही सवय! आमच्याकडे बाईचं पहिलं दूध पिळून टाकायचे. मलाही सासूबाईंनी टाकायला लावलं होतं. म्हशीच्या चिकाचा मात्र खरवस करून घरोघर वाटायचे. तेव्हा कुणी विचारलं नाही, असं का. मीसुद्धा नाही.

नर्स आली. माझ्याच वयाची, सामोआ बेटांवरची बाई. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची ओढली आणि समजावत बसली. लेक एकेक वाक्य मराठीत करून माझ्याकडे फेकत होती.

"तोंड, नाक, घसा, आतडी, सगळ्याला आतून ओलं अस्तर असतं. जंतू तिथूनच शिरतात. कळलं?"

"कळलं."

"चिकात आईच्या अंगातले राखणदार असतात. ते त्या अस्तरावर बसतात, जंतूंना धरून ठेवतात, चिकटू देत नाहीत. हिचे स्वतःचे अजून तयार नाहीत. आणि नळीतून दिलेलं थेट पोटात जातं, तोंडाला काहीच लागत नाही. म्हणून गालाला आतून लावायचं. तू धुतलंस ते."

"अगं, किती वेळा बोलशील!"

"बोलणारच!"

नर्सला शब्द कळले नसतील, भांडण कळलं. ती हसली आणि एक कोरी सिरिंज माझ्याच हातात दिली. नको त्या माणसावर भरवसा टाकावा तो असा! त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही, पण त्या क्षणी मला तिचाही राग आला.

लेक पिळायला बसली, मी सिरिंजच्या टोकानं थेंब टिपायला. पहिला थेंब यायलाच कितीतरी वेळ लागला.

"आई, सांडशील हं."

"तू बोलू नकोस, मग सांडणार नाही."

"श्वास तरी घे!"

चार थेंब मिळाले. पेटीजवळ गेल्यावर नर्सनं सिरिंजमधला चीक कापसाच्या बारीक काडीवर घेतला आणि काडी पुन्हा माझ्यापुढेच केली. मी मागे सरले. "नको बाई, माझ्याकडून काही झालं म्हणजे?"

"घाबरायचं ते धुताना घाबरायचं होतंस," लेक म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "लाव ना आई."

पेटीच्या खिडकीतून हात घातला. डाव्या गालाला आतून काडी फिरवली. एवढ्याशा त्या तोंडानं काडी धरली ती सोडेचना. नाकावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले.

"सोड गं बये," मी म्हटलं, "दुसरा गाल राहिलाय."